टायर पाहायला तुकईथडला

बुऱ्हाणपूरला लोक जातात ते किल्ला, जुन्या मशिदी आणि तापीचे घाट पाहायला. येताना माव्याची जिलेबी बांधून आणतात. जिलेबी मीही आणली, पण मी गेलो होतो टायर पाहायला. शहात्तराव्या वर्षी नाशिकहून उठून कुणी टायर पाहायला जातं का, असं सुनेनं विचारलंच. भाच्यानं बोलावलंय, असं मी तिला सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तिकडे जाऊन मोठ्यानं बोलावं लागलं. बोललो, आणि आता लिहूनही ठेवतो आहे, म्हणजे माझ्या माघारी कुणी मला आहे त्यापेक्षा बरा समजायला नको.

लोधीपुरा

पंचवीस वर्षं मी बुऱ्हाणपूरच्या या वस्तीत टायरचं दुकान चालवलं. त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली आहेत. मी आत शिरून भिंतीकडे पाहत उभा राहिलो. कॉम्प्रेसरच्या धुरानं काळी झालेली ती भिंत आता गुलाबी होती. दुकानदारानं विचारलं, "चाचाजी, कौनसा मॉडेल?" मी खिशातला बटणांचा फोन दाखवला. तो हात जोडून म्हणाला, "इसका कव्हर तो अब भगवान के पास मिलेगा."

समोरच्या हॉटेलात पोहे खाल्ले. इकडे पोह्यांवर शेव भुरभुरतात आणि शेजारी जिलेबीचं वेटोळं ठेवतात. नाशिकला सकाळी सकाळी मिसळीच्या तर्रीनं नाक गळवून घेणाऱ्या माझ्या नातवांना हे सांगितलं, तर त्यांना ते आजाऱ्याचं खाणं वाटेल. मी मात्र दुसरी प्लेट मागवली. जिलेबीचा पाक पोह्यांतल्या मिरचीला भेटतो तो घास मला नाशकात कधी मिळाला नाही.

तेवढ्यात भाचा आला. निलेश हा माझ्या दिवंगत बहिणीचा मुलगा, दापोऱ्याला केळी करतो. "मामा, तुमी इथं बसले! मी स्टेशनवर ढुंढून राह्यलो ना तुमाले!"

"अरे, पाय आपोआप इकडे वळले."

"पाय वळले, पर फोन त उचला ना. टेन्शन दिलं भो तुमी."

त्यानं नवी गाडी घेतली होती. मोटारसायकलसारखं हँडल, वर छप्पर नाही, आणि खाली फुगलेल्या भोपळ्यासारखी चार चाकं. कुठल्याही जमिनीवर चालते, अशी तिची ख्याती. गावात तिला सगळे बेडूक म्हणतात. या बेडकाला कोणते टायर घालावेत, हे मी येऊन सांगावं, असा त्याचा आग्रह होता.

दापोरा

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बागेत गेलो. तापीच्या गाळाची जमीन, तिच्यात हत्तीच्या पायासारखे केळीचे बुंधे, आणि वर पानाला पान भिडलेलं. बागेत चार पावलं आत गेलं की ऊन मागे राहतं आणि अंगावर हिरवा उजेड पडतो. स्वतःचा हातसुद्धा हिरवट दिसतो. उत्तरेकडे पानांच्या फटीतून असीरगडाचा डोंगर निळा दिसत होता. इतकी वर्षं मी या मुलखात राहिलो, पण दुकानाच्या गाळ्यात वाकून. मान वर करून पाहिलं ते आता.

मजूर पिकायला आलेले घड खांद्यावरच्या गादीवर तोलून बांधाकडे नेत होते. तान्ह्या मुलाला न्यावं तसे. घडाला नुसता ओरखडा उठला तरी दोन दिवसांत तिथे काळा डाग पडतो. हे वाहणं बेडकाच्या मागे जोडलेल्या छोट्या ट्रॉलीत करावं, असा निलेशचा बेत होता.

बेडूक मी पाहिली. तिच्या टायरला बोटभर उंचीचे रबराचे दात होते.

"दात बघा मामा! कंपनीवाला म्हणे, चिखलातून उडते."

"चिखलातून उडेल. तुझ्या बागेत चिखल कुठंय?"

त्यानं मान खाली घातली. वळणावळणावर ठिबकच्या नळ्या कापल्या गेल्या होत्या. बुंध्यांच्या कडेची माती उकरली गेली होती. केळीची मुळं वितीभर खोलीतच पसरतात, म्हणजे ती नळ्यांसारखीच तुटली असणार. दोन झाडं तर आडवी झाली होती. मी त्यांच्या मुळांशी बसलो आणि मला वाईट वाटलं, कारण टायर विकणाऱ्या माणसानं हे आधी सांगायला हवं होतं.

"पर मामा, तुकईथडकडं पण जमीन केली मी. कपाशी लावली. तिकडं सारा मुरूम अन् खडक. दोन्हीकडं चालेल असं एकच टायर सांगा."

मी खरं ते सांगितलं. ट्रकचा, जीपचा, ट्रॅक्टरचा टायर मी डोळे मिटून सांगेन. या फुग्यासारख्या टायरमध्ये हवा घालतात जेमतेम चार-पाच पौंड. त्याचं शास्त्रच निराळं. माझी विद्या जुनी झाली होती.

"मंग सरलाताईकडं जाऊ," निलेश म्हणाला. "या पट्ट्यात कुणीबी बेडूक घेतली की पहिले तिलेच दाखवते. तुकईथडची. पलटीची पोरगी."

"कुणाची?"

"पलटी. एकनाथ पलटी. बुढ्ढा आहे एक."

मी बांधावर बसलो. उन्हानं चक्कर आली असेल असं वाटून निलेशनं पाणी आणलं.

इथेच सांगून टाकतो. तीस वर्षांहून जास्त झाली. त्या काळी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर तापवलेल्या पात्यानं पुन्हा खाचा कोरायची एक रीत होती. कोरलेला टायर नव्यासारखा दिसतो. पण रबर आधीच झिजून पातळ झालेलं असतं, कोरल्यावर ते आणखी पातळ होतं. बैलगाडीच्या रबरी चाकाला तो चालतो, जीपला नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण माझा हात त्या कामात असा बसला होता, की कंपनीची नक्षी कुठली आणि माझी कुठली ते ओळखून दाखव, अशी पैज मी लावत असे. कुणी जिंकत नसे. त्या कौतुकाची मला चटक लागली होती.

एकनाथ एका मालकाच्या जीपवर ड्रायव्हर होता. त्याच्या गावी, तुकईथडला, हळदीला पाहुणे न्यायचे होते, आणि पुढचं डावं चाक वाटेतच गेलं. माझ्याकडे त्या मापाचा एकच टायर होता, माझ्या हातचा कोरलेला. त्यानं विचारलं, "शेठ, जीपले चालंल ना?" मी म्हणालो, "माझ्या हातचा आहे." हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

तुकईथडच्या अलीकडच्या उतारावर तो फुटला. जीप उलटली. कुणी दगावलं नाही. एकनाथची थोरली वहिनी, गिरजाबाई, तिचं कंबरेचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी मालकाबरोबर मी तिकडे गेलो. टायर माझ्या खाचेच्या रेषेतच फाटला होता, शिंप्यानं कात्री चालवावी तसा सरळ. बसथांब्यावर गाव जमलं होतं. कुणीतरी विचारलं, "शेठ, टायरनं घात केला का?" मी म्हणालो, "टायरला काय झालंय? गाडी हातात असायला पाहिजे."

एवढंच. एकनाथ प्यायला होता, असं मी म्हणालो नाही. लग्नघर होतं, ते गावानं स्वतःच जोडून घेतलं. फाटलेला टायर मी बरोबर आणला आणि त्याचे तुकडे केले. एकनाथचं काम सुटलं. तो पुन्हा कधी स्टिअरिंगला बसला नाही, आणि त्याचं नाव पलटी पडलं, एवढं त्या वेळी कानावर आलं होतं. दोन वर्षांनी मी नाशिकला गेलो. मुलाच्या शिक्षणासाठी गेलो, असं सांगत आलो आहे.

तो जिवंत आहे का, हेही मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. निलेशचा फोन आला तेव्हा वाटलं होतं, की टायरच्या निमित्तानं त्या बाजूला जाणं झालं तर विचारू. न झालं तर सुटलो. आता भाचाच मला त्याच्या दारात नेत होता.

"मामा, उद्या जायचं ना?"

"जायचं," मी म्हणालो.

तुकईथडची वाट

बेडकाला डांबरी रस्त्यावर चालवायची परवानगी नसते, म्हणून तिला पिकअपमध्ये चढवलं, चारी बाजूंनी दोर बांधले आणि निघालो. तापीकाठची केळी मागे पडली, कपाशी लागली. बोंडं फुटली होती. मैलभर शेतावर कुणी कापूस पिंजून टाकल्यासारखं. मग जमीन वर चढू लागली, माती काळ्याची तांबूस झाली, आणि सागाची झाडं सुरू झाली.

त्या उतारावर मी गाडी थांबवायला सांगितली. निलेश म्हणाला, "लघवीले का मामा?" मी मान हलवली आणि खाली उतरलो. रस्ता आता रुंद आहे, कडेला लोखंडी पट्टी आहे. पट्टीला धरून खाली पाहिलं. नाल्याच्या पलीकडे डोंगरांच्या रांगा एकामागे एक, प्रत्येक पुढचीपेक्षा फिकट, शेवटची तर आभाळात विरघळलेली. एक घार माझ्या पायांच्या पातळीखाली फिरत होती. तिची पाठ मला दिसत होती. आयुष्यात मी घारीची पाठ पाहिली नव्हती.

इतकी भव्य जागा, आणि माझ्या मनात इतकी वर्षं तिचं रूप होतं फक्त एका फाटलेल्या टायरचं. त्या दिवशी मी इथे उभा होतो, पण समोर पाहिलं नव्हतं. माझी नजर त्या चाकावर होती, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये यावर.

सरलाचं अंगण

सरलाताई पंचेचाळिशीची असेल. लुगड्यावर पुरुषी सदरा घातलेला, शेतात काम करणाऱ्या इकडच्या बाया घालतात तसा. गाडीकडे तिनं पाहिलंच नाही. आधी निलेशला विचारलं, "बागेतली माती आणली का? फोनवर सांगितलं होतं."

"राह्यली ताई. भूल गया."

"तुमी भुलता, गाडी नाही भुलत." तिनं विळ्याच्या टोकानं टायरच्या दातांमधला वाळलेला लगदा काढला, तळहातावर चुरला, हुंगला. "गाळाची. अन् ओली असताना बसली. पाणी दिलं की त्याच दिवशी गाडी घालते तू बागेत."

निलेश माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला विचारलं, खरं आहे का. खरं होतं. तिनं आणखी एक चिमूट उकरली, त्यात काळ्या नळीचा नखाएवढा तुकडा निघाला. तो तिनं निलेशच्या हातावर ठेवला. "घे. तुह्या ठिबकचा प्रसाद."

मी पंचवीस वर्षं टायर पाहिले, पण टायरनं काय खाल्लं ते उघडून पाहायचं मला सुचलं नव्हतं.

ओट्यावर एक म्हातारा शेंगा फोडत बसला होता. अंगानं वाळलेला, पण पाठ ताठ. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शेंगा बाजूला ठेवल्या. "वसंतशेठ ना?"

"हो," मी म्हणालो. "एकनाथ... तुम्ही ओळखलंत." त्याला मी पूर्वी अरेतुरे करत असे. तुम्ही तोंडातून आपोआप आलं.

"आवाज तोच आहे. जेवून घ्या आधी."

जेवलो. कळण्याची भाकर, शेंगदाणे घातलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार, आणि उडदाची घट्ट डाळ. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली ही काळपट भाकर खायला खडबडीत, पण दुसऱ्या घासापासून सोडवत नाही. नाशिकला पाहुण्याला आग्रह करतात तो बोलून. इथे एकनाथ बोलला नाही, माझी भाकर अर्धी होते न होते तोच दुसरी पानात टाकत गेला. मी कोण आहे ते त्याला माहीत होतं, तरी तो वाढत होता.

जेवणं झाल्यावर सरलानं रांगोळीचा डबा आणला. मला वाटलं सण असेल. तिनं टायरवर चारी बाजूंनी पांढरी भुकटी फासली आणि निलेशला सांगितलं, गाडी सारवलेल्या अंगणातून हळू पुढे ने. हिरव्या-काळ्या शेणसड्यावर दातांचे ठसे उमटले. ती बसून एकेक ठसा दाखवू लागली. मधले ठसे ठळक, कडेचे पुसट. "हवा जास्त आहे. सारं वजन मधल्या दातांवर येते, मंग ते घुसतात." तिनं हवा थोडी सोडली, पुन्हा रांगोळी, पुन्हा गाडी. या वेळी ठसा काठापासून काठापर्यंत सारखा आला. "आता बसली. पर दात ते दातच. बागेसाठी हे टायर नाही. दातांऐवजी आखूड गोट्या असलेलं, रुंद घे. मातीवर बसलं पाहिजे, घुसलं नाही पाहिजे."

"अन् इकडच्या खडकाले?" निलेशनं विचारलं.

"खडकाले जाड कुशीचं लागते, बाजूनं दगड लागला तरी फाटलं नाही पाहिजे. दोन्हीचं एक नाही होत, भाऊ. तुले निवडाच लागंल."

"मंग काय निवडू?"

"गाडी अडकली त माणूस ढकलते. झाड मोडलं त कोण जोडते? जिथं नुकसान होते तिथलं टायर घे. खडकावर हळू चालव."

मी हात जोडायचेच बाकी ठेवले. आम्ही दुकानदार गिऱ्हाईकाला विचारायचो, गाडी कुठे चालवणार, ओझं किती नेणार. तुझ्या चाकाखाली काय येतं, हे मी एकालाही विचारलं नव्हतं.

जाता जाता तिनं पिकअपच्या टायरपाशी वाकून खाचेच्या तळाला नख लावलं. सवयीनं, दारातून जाताना कडी चाचपावी तसं.

"हे काय पाहिलंस?"

"बाबांनी शिकवलं. कंपनीची खाच तळाशी गुळगुळीत लागते, मधे मधे छोटे उंचवटे राहतात. हातानं कोरली असंल त नखाले पात्याच्या रेघा लागतात. अन् उंचवटे कापलेले असतात. वरून पाह्यलं त टायर नवं दिसते, पर नवं नसते."

 मी ओट्याच्या कडेला टेकलो. "एकनाथ, तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. जीप उलटी पडेल होती, मी खाली बसेल होतो, ते चाक डोळ्यापुढंच होतं. नख लावून पाह्यलं."

"मग बोलला का नाहीत?"

तो शेंगेचं टरफल बोटांत फिरवत राहिला. "दुसऱ्या दिवशी तुमी येणार होते. म्हटलं, शेठ जाणता माणूस, तेच सांगतील. तुमी आले. तुमी बोलले." टरफल खाली टाकून म्हणाला, "मंग मी बोललो असतो त लोक म्हनले असते, दारुड्या आता टायरवर ढकलते. महिनाभर वाट पाह्यली. वाटलं, येतील परत. मंग पोरीले शिकवून टाकलं."

सरला आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. टायर कुणी कोरला होता, हे त्यानं तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. जे वर लिहिलं तेच, त्याच क्रमानं. निलेश तेव्हा फाटकाबाहेर बेडूक पिकअपमध्ये चढवत होता. तिनं ऐकून घेतलं. मग रांगोळीचा डबा उचलून आत ठेवून आली आणि दारातच उभी राहिली. 

"माझं चुकलं," मी एकनाथला म्हणालो.

"मले माहीत आहे तुमचं चुकलं. मले सांगून काय फायदा?" तो उठला, डोक्याला टॉवेल गुंडाळला. "थांब्यावर चला. बोलले बी थांब्यावरच होते. चारच्या गाडीले लोक येतात."

थांबा

चहाचं दुकान, दोन बाकडी, गाडीची वाट पाहणारे दहा-बारा लोक. बहुतेक तरुण. कडेला टोपलीत भाजलेल्या शेंगा घेऊन एक म्हातारी बसली होती, एक पाय लांब केलेला. मी पाहिलं आणि ओळखलं नाही.

 निलेशला वाटलं मी निरोपाचे दोन शब्द बोलतोय. तो फोन काढून शूटिंग करायला लागला. सरलानं त्याचा हात खाली केला.

मी बोललो. नाव सांगितलं, दुकान सांगितलं, टायर कसा कोरला, कसा फुटला, आणि याच जागी उभं राहून मी काय म्हणालो ते सांगितलं. "एकनाथ प्यायला नव्हता. गाडी त्याच्या हातात होती. माझा टायर फुटला."

 मग चहा पिणारा एक तरुण म्हणाला, "मतलब, काकाले पलटी म्हनतात ते यासाठी? आमाले वाटे, सरपंचाच्या इलेक्शनमधे काकानं पार्टी बदलली म्हनून!"

"मले बी तेच सांगेल होतं," दुसरा म्हणाला. "लास्ट टाइमले पलटी मारली म्हने."

बाकड्यावर हशा पिकला. "काका, तुमी मतदानाले गेले होते का तरी?"

"त्या दिवशी ताप होता मले," एकनाथ म्हणाला. तोही हसत होता.

मी मधेच उभा. माझ्या छातीवर तीस वर्षं बसलेला धोंडा, आणि या मुलांना त्याचा पत्ताच नव्हता. जी गोष्ट पुसायला मी आलो होतो ती केव्हाच पुसली गेली होती. नाव तेवढं उरलं होतं, आणि त्या नावाला मुलांनी आपापलं कारण चिकटवलं होतं. मला वाटलं, मी उशिरा आलो. एवढा उशिरा, की आता कुणासाठीच आलो नाही.

तेव्हा ती म्हातारी बोलली. "एकनाथ."

हशा थांबला.

"तू प्यायला नव्हता?"

"नाही वहिनी."

"थेंबभर बी?"

"माह्या गाडीत तुमी होत्या ना बसेल. कसा पिईन?"

गिरजाबाईंनी टोपलीवरचा फडका नीट केला. पुन्हा विस्कटला. "मंग मले कायले नाही सांगितलं?"

"तुमी विचारलंच नाही."

सरला माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मोठ्या आई हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा शपथ घेतली होती, दारुड्या दिराच्या घरचं पाणी पिणार नाही. शेजारीच राहतात. माह्या लग्नातही मांडवात नाही आल्या, रस्त्यावरून अक्षता टाकल्या."

गिरजाबाई उठल्या. उठणं म्हणजे काय, आधी हात टेकला, मग एक गुडघा, मग कमरेला एका बाजूला झोल देत उभ्या राहिल्या. कुणी आधार द्यायला पुढे झालं तर हात झटकला. माझ्यासमोर येऊन थांबल्या. मी मान खाली घातली. शिव्या ऐकायची तयारी होती, खरं तर त्या हव्याच होत्या.

"तुमाले काही म्हनाचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमी उशीर केला. तो बी गप बसला. मी बी विचारलं नाही." आणि शेंगांची टोपली तिथेच टाकून त्या घराच्या दिशेनं चालू लागल्या. प्रत्येक पावलाला डावीकडे झुकत, जीप त्या दिवशी झुकली असेल त्याच बाजूला. चारची गाडी आली, धूळ उडवून गेली. तरुणांतला एकही तिच्यात चढला नाही.

आम्ही मागून गेलो. त्या आपल्या दारापाशी थांबल्या नाहीत. पुढे गेल्या, एकनाथच्या अंगणात शिरल्या, रांगोळीच्या ठशांवरून चालत ओट्याच्या दोन पायऱ्यांपाशी पोचल्या, आणि हातानं स्वतःचा पाय उचलून एकेक पायरी चढल्या. सरला धावत आत गेली, तांब्या घेऊन आली.

"तू नको," गिरजाबाई म्हणाल्या. "त्याले आणू दे."

एकनाथ आत गेला. माठाचं झाकण उघडल्याचा आवाज बाहेर आला.  बाहेर आला तेव्हा त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला होता आणि पाणी काठावरून सांडत होतं. गिरजाबाईंनी तांब्या घेतला, वरून धार धरली. त्यांच्या गळ्याचं हलणं मी अंगणाच्या फाटकापासून पाहत होतो. इतक्या वर्षांचं पाणी त्या एका दमात प्यायल्या. मी डोंगर पाहिले, बागा पाहिल्या, घारीची पाठ पाहिली. पण या प्रवासात मी थक्क झालो तो इथे.

"माठ चांगला आहे," त्या तोंड पुसत म्हणाल्या. "कुठचा?"

"बुऱ्हाणपूरचा. कुंभाराकडून आणला."

"मले बी आणून दे एक."

मला कुणी आत बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. निलेश पिकअपपाशी खोळंबला होता, पण त्यालाही हॉर्न वाजवावासा वाटला नाही. गिरजाबाईंनी रिकामा तांब्या एकनाथपुढे धरला, आणखी हवं म्हणून. तो भरून आणेपर्यंत त्या ओट्यावर दुखरा पाय लांब करून, पाठ भिंतीला लावून बसल्या होत्या, जायची घाई नसलेल्या माणसासारख्या.